कोपऱ्यातला जांभळा ठिपका: एका आशाताईंच्या फुटलेल्या फोनचं प्रकरण

हा फोन दिंडोरी तालुक्यातल्या एका आशाताईंचा. अडीच वर्षांपूर्वी 17,000 रुपयांना घेतलेला, अमोलेड पडद्याचा, फिंगरप्रिंट पडद्याच्या आतच. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक फोनची कथा अशीच असते. गाडीच्या पुढच्या खणातून तो खडीच्या रस्त्यावर पडला. खालचा उजवा कोपरा दगडावर आपटला आणि तिथून काचेवर जाळं पसरलं. वर टेम्पर्ड गार्ड होतं. गार्ड शाबूत राहिलं, खालची काच गेली.

लोकांना याचं नवल वाटतं, पण त्यात चमत्कारिक काही नाही. फोनची काच रसायनाने मजबूत केलेली असते. तप्त पोटॅशियम क्षाराच्या द्रवात काच बुडवतात, तेव्हा तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन निघून जातात आणि त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन ठासून बसतात. पृष्ठभाग आतल्या आत दाबला गेल्यामुळे ती सहज फुटत नाही. मात्र तिची कड नाजूकच राहते. फोन सपाट पडला तर गार्ड मार झेलतं, कोपऱ्यावर पडला तर मार थेट कडेला बसतो. गार्ड कडेपर्यंत पोचतच नाही. तिथे उपयोगी पडतं ते कोपरे जाड असलेलं साधं रबरी कव्हर. ताईंच्या फोनला ते नव्हतं.

या फोनवर काय काय चालतं ते ताईंनी सांगितलं. गरोदर मातांच्या नोंदी, बाळांच्या लसीच्या तारखा, आभा कार्डं (सरकारी आरोग्य ओळखपत्रं), प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ग्रुपवरचे निरोप. आशांचा मोबदला बराचसा कामावर ठरतो आणि कामाची नोंद आता फोनवरून होते. म्हणजे फोन बंद पडला तर मोबदलाही अडकतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. स्वस्तात दुरुस्ती हवी असणाऱ्या माणसाला स्वस्त आणि टाकाऊ यांतला फरक कुणीतरी नीट सांगायला हवा, आणि तो फार कमी ठिकाणी सांगितला जातो.

तीन ठिकाणचे तीन भाव

माझं फोनदुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडे येण्याआधी ताई तीन ठिकाणी विचारून आल्या होत्या. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने जीएसटीसह 7,200 रुपये सांगितले. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानाने 1,900 रुपयांत “ओरिजिनल डिस्प्ले” टाकून देतो म्हटलं. नाशिकच्या एम. जी. रोडवर एकाने 1,400 रुपयांत नुसती काच बदलायची तयारी दाखवली. साहजिकच ताईंच्या मनात 1,400 चा आकडा बसला होता.

“भाऊ, नुसती काच बदलून द्या. आत सगळं चांगलंय, टच पण चालतो.”

हे तिन्ही भाव तीन वेगवेगळ्या वस्तूंचे होते, पण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिला कंपनीच्या नव्या, फ्रेमसकट येणाऱ्या पडद्याचा. दुसरा नकली पडद्याचा, त्याचं तंत्रच निराळं. तिसऱ्यात पडदा जुनाच ठेवून वरची काच तेवढी नवी. आधी पडद्याचं नेमकं काय फुटलंय ते बघायचं आणि मगच भाव तपासायचे, हा माझ्या कामाचा पहिला नियम आहे.

पूर्वीच्या फोनमध्ये काच आणि टच मिळून एक भाग असायचा आणि खालचा चित्र दाखवणारा एलसीडी वेगळा. काच फुटली की तीन-चारशे रुपयांत “टच बदलून” मिळायचा. अनेकांच्या डोक्यात अजून तोच हिशेब आहे. आताच्या अमोलेडमध्ये टचचा थर चित्र दाखवणाऱ्या पॅनलवरच बसवलेला असतो आणि वरची काच त्या पॅनलला पारदर्शक चिकट थराने घट्ट चिकटवलेली असते. आम्ही त्या थराला ओसीए म्हणतो. काच, टच आणि पॅनल मिळून झालेल्या अख्ख्या भागाला बाजारात फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. टच चालत असेल आणि चित्र निर्दोष असेल तर फक्त काच फुटली असं म्हणता येतं. यातलं “निर्दोष” हे नीट तपासावं लागतं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली वरवर बघून ते कळत नाही.

तपासणी

तपासायला फोन उघडावा लागत नाही. घरीही जमतं. सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन या मेनूत “पॉइंटर लोकेशन” चालू केलं की बोट जिथे फिरेल तिथे रेघ उमटते. सगळ्या पडद्यावर बोट आडवं-उभं फिरवायचं. रेघ तुटली तर तिथला टच मेला. ताईंच्या फोनवर रेघ कुठेही तुटली नाही. त्यांचं म्हणणं तिथवर बरोबर होतं.

मग रंग बघायचे. सॅमसंगमध्ये *#0*# आणि शाओमीच्या फोनमध्ये *#*#6484#*#* डायल केलं की चाचणीचा मेनू उघडतो. इतर फोनमध्ये कोरं पांढरं, लाल, हिरवं, निळं आणि राखाडी चित्र पूर्ण पडद्यावर लावलं तरी भागतं. मी दिवा बंद करून ब्राइटनेस वाढवला. पांढऱ्या पडद्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात, नेमकं जिथून काचेचं जाळं सुरू होत होतं तिथे, मोहरीएवढा जांभळट काळा ठिपका दिसला. रोजच्या वापरात तो दिसला नसता, कारण तिथे खालची पट्टी असते आणि त्यांनी थीमही काळी ठेवली होती.

त्या ठिपक्याने 1,400 रुपयांचा पर्याय तिथेच संपवला. अमोलेडचं पॅनल म्हणजे प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे अतिशय पातळ थर, हवा आणि ओलावा लागू नये म्हणून बंद केलेले. त्या बंदिस्तीला तडा गेला की हवा आत शिरते आणि तिथला भाग कायमचा मरतो. डाग शाई सांडल्यासारखा पसरत जातो, कधी आठवड्यात, कधी महिन्यात. बाहेर श्रावणातला पाऊस आणि ताईंचं काम घरोघर फिरण्याचं, म्हणजे तो पसरणार हे नक्की होतं. वर नवी काच चिकटवली असती तरी खालचं पॅनल मरतच राहिलं असतं आणि 1,400 रुपये वाया गेले असते.

मी त्यांना अंधारात तो ठिपका दाखवला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी का विश्वास ठेवावा? तुम्हीही दुकानदाराकडे असंच दाखवायचा आग्रह धरा.

ठिपका नसता तर काच बदलणं हा उत्तम मार्ग होता, हेही सांगायला हवं. त्यात पॅनल मूळचंच राहतं, रंग आणि फिंगरप्रिंट जसेच्या तसे राहतात. काम मात्र कसबाचं आहे. फोन मागून उघडायचा, आधी बॅटरीचं कनेक्शन काढायचं, पडदा फ्रेममधून सोडवायचा, तापलेल्या प्लेटवर हवेच्या ओढीने धरून काच आणि पॅनल यांच्यामधून केसासारखी बारीक मॉलिब्डेनमची तार ओढत न्यायची. उरलेला गोंद बोटाने गोळा करत पुसायचा, ओसीए लावलेली नवी काच निर्वात यंत्रात दाबायची आणि शेवटी दाबाच्या डब्यात बुडबुडे घालवायचे. मधल्या किमतीतल्या फोनचं पॅनल बहुतेक वेळा स्वतःच दोन पातळ काचांचं असतं. तार जरा तिरकी गेली की ते गेलं. म्हणून काच बदलायला देताना एकच प्रश्न विचारायचा: काम करताना पॅनल गेलं तर भरपाई कुणाची? “ग्राहकाची” असं उत्तर आलं, तर 1,400 हा पूर्ण भाव नाही, त्यात मोठी जोखीम मिसळलेली आहे.

1,900 च्या पडद्यात काय असतं

तालुक्याच्या दुकानाने ज्याला ओरिजिनल म्हटलं होतं, ते त्या किमतीला मिळणं शक्य नाही. अमोलेडच्या जागी टीएफटी, म्हणजे साधा एलसीडी जातीचा नकली पडदा बसवतात, त्याचा तो भाव. एलसीडीला मागून प्रकाश लागतो, त्यामुळे असा पडदा जाड असतो, फ्रेमच्या किंचित वर राहतो आणि कडेने धूळ-पाणी आत जायला वाट देतो. काळा रंग राखाडी दिसतो. उन्हात पडदा धूसर होतो, आणि ताईंचं निम्मं काम उन्हात अंगणात उभं राहूनच चालतं. सगळ्यात मोठी अडचण फिंगरप्रिंटची. त्यांच्या फोनचा सेन्सर पडद्याखाली आहे. अमोलेडचा उजेड बोटावर पडतो, परत येतो आणि पॅनलच्या फटींतून खाली सेन्सरपर्यंत पोचतो. एलसीडीच्या मागच्या प्रकाशाचे थर ती वाटच बंद करतात. पडदा बदलल्यावर फिंगरप्रिंट गेला म्हणून किती गिऱ्हाइकं भांडायला येतात! दुकानदार सांगतो “सेटिंगचा प्रॉब्लेम आहे”. तो सेटिंगचा नसतो.

टीएफटी विकणं चूक आहे असं मी म्हणत नाही. टीएफटी म्हणून सांगून विका. पण कंपनीचं चिन्ह छापून नकली भाग ओरिजिनल म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हाही. बिलावर “ओरिजिनल” असं लिहून द्यायला दुकानदार तयार आहे का, एवढं विचारलं की बराचसा उलगडा होतो.

नकली अमोलेडही मिळतात, चिनी बनावटीचे, टीएफटीच्या दीडपट-दुप्पट भावाला. काही चांगले निघतात. या मॉडेलसाठी माझ्या पुरवठादाराकडे जो होता त्यात फिंगरप्रिंटची खात्री तो स्वतःच देत नव्हता, म्हणून मी तो ताईंपुढे ठेवला नाही.

हिशेब महिन्याचा

सेवा केंद्राचा पडदा सगळ्यात चांगला, यात वाद नाही. पण 7,200 रुपये घालायचे कशात? पडदा धड असता तर त्या फोनला बाजारात सहा हजारांच्या आसपास मिळाले असते. वॉरंटी संपलेली होती. फोन घेताना पडद्याचं संरक्षण देणारी योजना घेतली नव्हती, आणि पडदा फुटल्यावर ती घेता येत नाही. हप्त्यावर नवा फोन घ्यावा, असं त्यांच्या यजमानांचं मत होतं. त्यांना चालण्यासारखा नवा फोन 12,500 रुपयांपासून पुढे.

मी कागदावर महिन्याचा हिशेब मांडला. आधी फोन अजून किती चालेल ते ठरवलं. बॅटरी फुगलेली नव्हती, चार्जिंगची पिन घट्ट बसत होती, आणि कंपनीने जाहीर केलेले सुरक्षा अपडेट अजून दीड वर्ष यायचे होते. म्हणून 18 महिने धरले. सेवा केंद्राचा खर्च महिन्याला 400 रुपये पडतो. नवा फोन तीन वर्षं वापरला तर महिन्याला सुमारे 347. म्हणजे या फोनच्या बाबतीत अधिकृत दुरुस्तीपेक्षा नवा फोन स्वस्त पडत होता. फोन सहा महिने जुना असता तर हाच हिशेब उलटा झाला असता आणि मी स्वतः त्यांना सेवा केंद्रात पाठवलं असतं. वॉरंटीत असलेला फोन बाहेर उघडला की उरलेली वॉरंटीही सहसा जाते, ते नुकसान वेगळंच.

उरला चौथा मार्ग, जो त्यांना कुणी सांगितला नव्हता: दुसऱ्या फोनमधून काढलेला मूळ पडदा. बाजारात त्याला “पुल्ड” म्हणतात. मदरबोर्ड मेलेल्या फोनचा पडदा अनेकदा ठणठणीत असतो. फ्रेमसकट, बसवण्याच्या मजुरीसह 3,900 रुपये. 18 महिन्यांनी भागलं तर महिन्याला सुमारे 217. टीएफटी महिन्याला याच्या निम्म्याने पडला असता, पण उन्हात वाचता येत नाही आणि फिंगरप्रिंट नाही अशा फोनवर रोज काम करायचं म्हणजे रोजचा जाच. ताईंनी यजमानांना फोन लावला, आणि चौथा मार्ग ठरला.

पुल्ड पडदा घेताना दोन गोष्टी बघाव्याच लागतात. तो चोरीच्या फोनचा नसावा. मी बिल देणाऱ्या पुरवठादाराकडूनच घेतो आणि त्यामुळे दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतात. दुसरी गोष्ट पडद्यावरचे जुने ठसे. अमोलेडवर एकच चित्र वर्षानुवर्षं राहिलं की त्याची पुसट सावली उरते, विशेषतः कीबोर्डची आणि वरच्या पट्टीची. अंधारात कमी ब्राइटनेसवर राखाडी चित्र लावलं की ती दिसते. पुरवठादाराने पाठवलेल्या पहिल्या पडद्यावर कीबोर्डच्या ओळी स्पष्ट दिसत होत्या. तो परत केला, दुसरा स्वच्छ निघाला.

फोन दुकानात ठेवण्याआधी

या भागाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. दुकानात फोन दिला की मागे कागदाची पट्टी चिकटवून त्यावर नाव आणि पिन लिहायची पद्धत आहे. दिवसभर ती पट्टी येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचू शकतो. ताईंच्या फोनमध्ये गावातल्या बायकांच्या गरोदरपणाच्या नोंदी होत्या. त्या उघड्यावर ठेवायचा हक्क मला नाही, ताईंनाही नाही.

टच चालत होता म्हणून त्यांच्याकडूनच आधी सगळ्या प्रलंबित नोंदी अपलोड करून घेतल्या, संपर्क आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला, सिम आणि मेमरी कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. पडदा तपासायला मला पिन लागत नाही. फोन लॉक करून दिला तरी लॉक स्क्रीनवर टच आणि रंग बघता येतात, बाकीची तपासणी गिऱ्हाईक समोर असताना. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो, तो चालू करून दिला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत.

टच मेलेला असेल पण चित्र दिसत असेल, तर फोनच्या चार्जिंगच्या जागी बसणारी ओटीजी जोडणी लावून साधा यूएसबी माऊस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण उमटतो, माऊसने पिन टाकता येते आणि बॅकअप निघतो. शे-दीडशे रुपयांची जोडणी, पण तिच्यामुळे कितीतरी जणांचे फोटो वाचलेले मी पाहिले आहेत.

बसवणी आणि बिल

फ्रेमसकट पडदा आल्यामुळे काम सोपं नव्हे पण सुरक्षित झालं. मदरबोर्ड, बॅटरी, कॅमेरे जुन्या फ्रेममधून नव्यात हलवायचे. आधी न चिकटवता पडद्याची जोडपट्टी लावून रंग, टच, कॉल लागल्यावर पडदा बंद होतो का, हे पाहिलं. फिंगरप्रिंट पहिल्यांदा घेत नव्हता. पडदा बदलला की अशा सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या पडद्याशी जुळवणी, पुन्हा करावं लागतं. फोनमध्ये नोंदवलेले बोटांचे जुने ठसे पुसून, कॅलिब्रेशन करून ताईंचा अंगठा नव्याने घेतल्यावर तो लागला. मग मागचं झाकण काळ्या गोंदाने बसवून क्लिपा लावून ठेवलं.

कंपनीने दिलेलं पाण्यापासूनचं संरक्षण एकदा फोन उघडल्यावर पूर्वीसारखं राहिलं असं धरायचं नाही. ताईंना ते स्पष्ट सांगितलं आणि पावसात फिरताना प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायला सांगितलं. सोबत जाड कोपऱ्यांचं 150 रुपयांचं कव्हर दिलं.

बिलावर लिहिलं: “पुल्ड ओरिजिनल अमोलेड, फ्रेमसह, तीन महिने हमी, रेघा, टच किंवा डाग आल्यास बदलून, पडून फुटल्यास हमी नाही.” एवढ्या एका ओळीने पुढची सगळी भांडणं टळतात. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही. दुरुस्तीत कसूर हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटीच आहे.

सेवा केंद्राचा भाव खरा आहे का हेही घरबसल्या बघता येतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या मॉडेलवार सुट्या भागांचे दर संकेतस्थळावर देतात, आणि ग्राहक व्यवहार विभागाचं “राइट टू रिपेअर” पोर्टल डिसेंबर 2022 पासून सुरू आहे. फोन दुरुस्तीला किती सोपा, याचा निर्देशांक कसा असावा यावर सरकारने 2024 मध्ये समिती नेमली, तिचा अहवाल मे 2025 मध्ये आला. त्यात पडदा हा प्राधान्याचा भाग मानला आहे. तो निर्देशांक खरोखर फोनच्या खोक्यावर छापून यावा असं मला मनापासून वाटतं. 17,000 चा फोन घेतानाच त्याचा पडदा 7,200 ला पडतो हे समोर लिहिलेलं असेल, तर माणूस संरक्षण योजनेचा किंवा दुसऱ्या मॉडेलचा विचार तरी करेल.

ताईंच्या ओळखीने त्यांच्याच आरोग्य केंद्राच्या आणखी एक आशाताई महिनाभरात आल्या. त्यांनाही पुल्ड पडदाच हवा होता, कारण मैत्रिणीने तसं सांगितलं होतं. पण त्यांचा फोन मुळातच एलसीडीचा आणि फिंगरप्रिंट बाजूच्या बटणात. तिथे बऱ्या प्रतीचा नकली पडदा बसवला तरी तंत्र तेच राहतं, फिंगरप्रिंटला धक्का लागत नाही आणि उन्हात फरक थोडाच पडतो. त्यांना मी 1,300 रुपयांचा कॉपी पडदा बसवून दिला आणि बिलावर “कॉपी” असंच लिहिलं.